मेनफ्रेमवरच्या लिनक्सचं नेटवर्क अडलं तर शोध खालून वर घ्या

आयबीएम झेड किंवा लिनक्सवन मशीनवर लिनक्स चालवायला घेतलं की पहिले काही दिवस सगळं ओळखीचं वाटतं. शेल तेच, सिस्टमडी तेच, पॅकेजेस तीच. मग एक दिवस गेस्ट, म्हणजे त्या मशीनवर चालणारं एक लिनक्स, रीबूट होतो आणि नेटवर्क येत नाही. x८६ वरची सवय असलेला माणूस लगेच आयपी पत्ता, राउटिंग आणि फायरवॉल तपासायला लागतो. इथे ही सवय वेळ खाते, कारण आयपीच्या खाली चार-पाच थर असे आहेत जे x८६ वर कधी डोळ्यांसमोर येतच नाहीत: चॅनल पाथ (मशीनपासून कार्डापर्यंतची वाट), सबचॅनल (त्या वाटेवरचं एक डिव्हाइस लिनक्सला जिथे दिसतं ती जागा), तीन सबचॅनलचा गट, लेयर २ की लेयर ३, आणि ओएसए या मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डावरचं पोर्ट. यातला एक थर जरी बसला नसला तरी वर काहीही केलंत तरी उपयोग नाही. म्हणून तपास खालून वर करायचा आणि प्रत्येक थराला स्वतंत्र विचारायचं: तू उभा आहेस का?

आधी बस-आयडी वाचायला शिका. ०.०.०६०० मधला पहिला आकडा चॅनल सबसिस्टमचा, दुसरा सबचॅनल सेटचा आणि शेवटचे चार हेक्स अंक म्हणजे डिव्हाइस नंबर. ओएसए-एक्सप्रेस कार्ड क्यूडीआयओ मोडमध्ये (मेमरीतून थेट देवाणघेवाण) आणि हायपरसॉकेट्स (मशीनच्या विभागांमधलं आतलंच नेटवर्क), दोन्ही एकाच ‘क्यूएथ’ ड्रायव्हरने चालतात आणि त्याला एका इंटरफेससाठी तीन डिव्हाइस लागतात: रीड, राइट आणि डेटा. रीडचा नंबर सम हवा, राइटचा नंबर त्याच्यापुढचाच हवा, डेटा त्याच चॅनल पाथवरचा कुठलाही मोकळा नंबर चालतो. म्हणजे ०६००, ०६०१, ०६०२ ठीक. ०६०१, ०६०२, ०६०३ नाही. आयओसीडीएसमध्ये, म्हणजे मशीनच्या हार्डवेअर मांडणीच्या यादीत, ओएसएच्या चॅनल पाथवर बहुतेक ठिकाणी युनिट ॲड्रेस एफई असलेलं एक ओएसएडी डिव्हाइसही असतं. ते कार्डाच्या व्यवस्थापनासाठी आहे. नंबर जवळचा दिसला म्हणून ते डेटा डिव्हाइस म्हणून गटात घालू नका, गट ऑनलाइन येणार नाही.

आता पहिली कमांड:

एलएससीएसएस

तिच्या आउटपुटमधली एक ओळ साधारण अशी असते:

०.०.०६०० ०.०.०००९ १७३२/०१ १७३१/०१ येस ८० ८० एफएफ १२०००००० ००००००००

डावीकडून: डिव्हाइस, सबचॅनल, डिव्हाइस टाइप, कंट्रोल युनिट टाइप, वापरात आहे की नाही, मग पाथची अवस्था सांगणारे पिम, पॅम, पॉम आणि शेवटी चॅनल पाथचे आयडी. १७३२/०१ आणि १७३१/०१ ही जोडी म्हणजे क्यूडीआयओ ओएसए. हायपरसॉकेट्स असतील तर शेवटी ०१ ऐवजी ०५ दिसतं. पिम ८० म्हणजे पहिला पाथ बसवलेला आहे, पॅम ८० म्हणजे तोच पाथ आत्ता उपलब्ध आहे. पॅममध्ये ०० दिसलं तर पुढे बघायची गरजच नाही: चॅनल पाथ १२ बंद आहे. त्यासाठी ‘एलएससीएचपी’ चालवा. ‘व्हॅरी’च्या रकान्यात ० असेल तर तो या लिनक्समधूनच बंद झालाय आणि ‘सीएचसीएचपी -व्ही १ १२’ दिल्यावर परत येतो. ‘सीएफजी’च्या रकान्यात ० असेल तर पाथ या एलपारसाठी (मशीनच्या या विभागासाठी) कॉन्फिगरच नाही. ‘सीएचसीएचपी -सी १ १२’ करून बघता येतं, पण तसं करण्याआधी एचएमसी (मशीनचा व्यवस्थापन कन्सोल) सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. कोणीतरी तो मुद्दाम उतरवलेला असू शकतो.

एलएससीएसएसमध्ये ०६०० ची ओळच नसेल तर शक्यता दोन. आयओसीडीएसमध्ये डिव्हाइस आहे पण या एलपारला त्या यादीत प्रवेश दिलेला नाही; हे लिनक्समधून दुरुस्त होत नाही, हार्डवेअर कॉन्फिगरेशन बघणाऱ्या टीमकडेच जावं लागतं. दुसरी शक्यता जास्त वेळा निघते: कर्नल ते डिव्हाइस मुद्दाम दुर्लक्षित करतंय.

ही दुर्लक्ष-यादी म्हणजे ‘सीआयओ_इग्नोर’. एका एलपारला हजारो डिव्हाइस दिसू शकतात, बूटच्या वेळी ती सगळी तपासत बसणं परवडत नाही, म्हणून इन्स्टॉलर कर्नल पॅरामीटरमध्ये ‘सगळी वगळा, फक्त कन्सोल ठेवा’ अशा अर्थाची ओळ टाकून ठेवतात. ‘सीआयओ_इग्नोर -एल’ ने यादी दिसते, ‘सीआयओ_इग्नोर -आर ०.०.०६००-०.०.०६०२’ ने तेवढी तीन डिव्हाइस मोकळी होतात. मोकळी झाल्यावर एलएससीएसएसमध्ये त्यांची ओळ लगेच यायला हवी. पण हा बदल फक्त चालू कर्नलपुरता आहे.

तीन डिव्हाइस दिसली की त्यांचा गट बांधायचा. जुन्या नोट्समध्ये यासाठी ‘झेडनेटकॉन्फ’ सापडेल आणि ते चालतं, पण माझी पसंती ‘सीएचझेडडेव्ह’ला आहे. ते दुर्लक्ष-यादीतून डिव्हाइस स्वतः काढतं, चालू आणि कायमची दोन्ही मांडणी एकाच वेळी करतं आणि चुकलं तर नेमकं कुठे अडलं ते सांगतं:

सीएचझेडडेव्ह -ई क्यूएथ ०.०.०६००:०.०.०६०१:०.०.०६०२ लेयर२=१ बफर_काउंट=१२८

यानंतर ‘एलएसझेडडेव्ह क्यूएथ’ चालवा. ‘ऑन’ आणि ‘पर्स’ या दोन रकान्यांकडे लक्ष द्या. ‘ऑन’ला येस आणि ‘पर्स’ला नो असेल तर आज सगळं चालतंय, पण पुढच्या रीबूटला हाच प्रश्न परत समोर येणार. रीबूटनंतर नेटवर्क गायब होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. कायमची मांडणी यूडेव्हच्या नियमांत, ‘४१-क्यूएथ-०.०.०६००’ अशा नावाच्या फाइलमध्ये बसते; फाइल आहे का तेही एकदा डोळ्यांनी बघा. रूट फाइलसिस्टमच नेटवर्कवर असेल तर इनिटरामएफएस पुन्हा बांधावं लागतं. आणि झिपल या मेनफ्रेमवरच्या बूटलोडरच्या कॉन्फिगमध्ये काहीही बदललंत, दुर्लक्ष-यादी असो वा आरडी.झेडनेटची (बूटच्या वेळीच नेटवर्कचा गट उभा करणारी) ओळ, तर ‘झिपल’ कमांड चालवल्याशिवाय तो बदल बूट रेकॉर्डमध्ये जात नाही. फाइल बरोबर आहे, पण मशीन जुन्याच ओळीवर बूट होतंय, असं दिसलं की ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचा. खरं काय ते तिथे कळतं.

गट ऑनलाइन आला की इंटरफेसचं नाव साधारण ‘ईएनसी६००’ असं येतं, म्हणजे ईएनसी आणि त्यापुढे रीड डिव्हाइसचा नंबर, पुढची शून्यं काढून. एनआयसीचा व्हर्च्युअल पत्ता कोणी बदलला तर इंटरफेसचं नावही बदलतं आणि नेटवर्कमॅनेजरचं जुनं प्रोफाइल कुठेच लागू होत नाही. गेस्ट क्लोन केल्यावर हे हमखास होतं.

लेयर २ की लेयर ३

सगळ्यात जास्त तास इथे जातात, म्हणून थोडं सविस्तर.

लेयर ३ मध्ये ओएसए कार्ड स्वतः आयपी पत्ते ओळखतं. लिनक्स आपले पत्ते कार्डाकडे नोंदवतं आणि कार्ड फक्त त्याच पत्त्यांची पॅकेट्स वर देतं. आयपीव्ही४ चं एआरपीही कार्डच सांभाळतं, म्हणून ‘आयपी लिंक’मध्ये नोएआरपी हा फ्लॅग दिसतो आणि नेहमीच्या शेजार-यादीतून फारसं काही हाती लागत नाही. तिथे ‘क्यूएथएआरपी -क्यू ईएनसी६००’ वापरून कार्डाची स्वतःची एआरपी यादी वाचा, शिळी झाली असेल तर ‘-पी’ देऊन रिकामी करा. लेयर २ मध्ये मात्र कार्ड एमएसी पत्ता बघतं आणि पूर्ण इथरनेट फ्रेम वर देतं. ब्रिज, ओपन व्हीस्विच, केव्हीएमचे गेस्ट, डीएचसीपी, आयपीव्ही६ यांतलं काहीही करायचं असेल तर लेयर २ च घ्या. नवीन मांडणीत लेयर ३ घ्यायचं मला एकच कारण दिसतं: झेड/व्हीएम या मेनफ्रेमच्या हायपरव्हायझरचं व्हीस्विच (व्हर्च्युअल स्विच) आधीपासून आयपी मोडमध्ये आहे आणि ते बदलणं तुमच्या हातात नाही.

लेयर ३ मधला एक सापळा: डमी इंटरफेसवर ठेवलेला व्हर्च्युअल आयपी. १९२.०.२.५० हा पत्ता डमी० वर टाकला, राउटरला मार्ग दिला, तरी बाहेरून पिंग होत नाही. कारण पत्ता कार्डाकडे नोंदलेलाच नाही आणि कार्ड पॅकेट खालीच टाकून देतं. टीसीपीडम्पमध्येही काही येत नाही. ‘क्यूएथकॉन्फ व्हीआयपीए ॲड १९२.०.२.५० ईएनसी६००’ दिलं की येतं. आयपीटेबल्समध्ये तासभर शोधूनही हे सापडत नाही, कारण पॅकेट लिनक्सपर्यंत पोचलेलंच नसतं.

दुसरा सापळा आणखी फसवा आहे. एकाच ओएसए चॅनल पाथवर दोन एलपार आहेत, एक लेयर २ वर आणि दुसरा लेयर ३ वर. दोघेही बाहेरच्या गेटवेला पिंग करतात, दोघांनाही बाहेरून लॉगिन करता येतं. पण एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच कार्डावर दोन्ही प्रकारची वाहतूक चालते, मात्र तेच चॅनल पाथ वापरणाऱ्या दोन यजमानांमध्ये लेयर २ ते लेयर ३ अशी वाहतूक होत नाही. हायपरसॉकेट्सचंही तसंच. लक्षण इतकं विचित्र असतं की लोक नेटवर्क टीमकडे स्विचची तक्रार करतात, पण पॅकेट स्विचपर्यंत जातच नाही. कार्डाच्या आतच वळतं. दोन्ही बाजूंना ‘एलएसक्यूएथ’ चालवा आणि ‘लेयर२’ची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा.

तशाच लक्षणाचं दुसरं कारण ‘आयसोलेशन’. एलएसक्यूएथमध्ये त्यापुढे ‘ड्रॉप’ असेल तर त्याच कार्डावरच्या शेजारी एलपारशी थेट बोलणं मुद्दाम बंद केलेलं आहे. ‘फॉरवर्ड’ असेल तर पॅकेट बाहेरच्या स्विचवर जाऊन परत यायला हवं, आणि त्यासाठी स्विचच्या पोर्टवर रिफ्लेक्टिव्ह रिले चालू असावा लागतो.

लेयर२ ही किंमत डिव्हाइस ऑफलाइन असतानाच बदलता येते. पोर्टनो आणि बफर_काउंटचंही तेच. ऑनलाइन असताना लिहिलंत तर ड्रायव्हर नाकारतो. त्यामुळे आधी ‘सीएचझेडडेव्ह -डी’, मग नवीन किमतींसह ‘-ई’. हे एसएसएचवरून करू नका, तुमचंच सेशन त्याच इंटरफेसवर आहे. आणि मांडणीत लेयर२ ची किंमत नेहमी स्पष्ट लिहा, कारण जुन्या कर्नलमध्ये ओएसएसाठी न लिहिता लेयर ३ धरलं जायचं, आता लेयर २ धरलं जातं. जुनी मांडणी नव्या वितरणावर तशीच उचलली की हा फरक अंगावर येतो. उलट ‘पोर्टनेम’ हा पॅरामीटर जुन्या नोट्समध्ये दिसला तर खुशाल सोडून द्या. ड्रायव्हर तो आता विचारातच घेत नाही.

झेड/व्हीएमच्या बाजूने

गेस्ट व्हीस्विचवर असेल तर अर्धा तपास सीपीकडे, म्हणजे झेड/व्हीएमच्या गाभ्याकडे, करायचा असतो, आणि त्यासाठी लिनक्समधून बाहेर पडावं लागत नाही. ‘व्हीएमसीपी’ मॉड्यूल लोड करा आणि ‘व्हीएमसीपी क्यू एनआयसी ०६०० डीटेल्स’ द्या. लॅनपुढे ‘नन’ असेल तर एनआयसी आहे, पण ती कशालाच जोडलेली नाही. ‘कपल ०६०० टू सिस्टम’ आणि पुढे व्हीस्विचचं नाव द्या. सीपीने परवानगी नाही म्हणून नाकारलं तर झेड/व्हीएमच्या व्यवस्थापकाकडून ‘सेट व्हीस्विच’मधून ग्रँट घ्यावी लागते, आणि ग्रँट मिळाल्यावर कपल पुन्हा करावं लागतं.

इथे परत चालू आणि कायमचं हा फरक आडवा येतो. ‘सेट व्हीस्विच’ने दिलेली ग्रँट झेड/व्हीएमच्या पुढच्या आयपीएलला (बूटला) टिकत नाही, ती सिस्टम कॉन्फिगमध्ये लिहावी लागते. ‘डिफाइन एनआयसी’ने केलेलं कार्ड गेस्ट लॉगऑफ झाला की जातं, त्यासाठी झेड/व्हीएमच्या युजर डिरेक्टरीमध्ये ‘एनआयसीडेफ’ हवं. देखभालीच्या रात्रीनंतर सगळे गेस्ट उठले, पण त्यातल्या दोनच गेस्टना नेटवर्क नाही, असं झालं की सरळ इथे या.

व्हीस्विच ‘इथरनेट’ म्हणून बनवलेलं असेल तर लेयर २, ‘आयपी’ म्हणून बनवलेलं असेल तर लेयर ३. गेस्टमधली किंमत त्याच्याशी जुळलीच पाहिजे. अलीकडचे कर्नल हे सीपीला विचारून स्वतः ठरवतात आणि चुकीची किंमत लिहू देत नाहीत. जुन्या कर्नलवर मात्र गट ऑनलाइन येताना अडतो आणि डीमेसगमधला मजकूर फार काही सांगत नाही. व्हीएलएएनचंही एकदा बघून घ्या: व्हीस्विचचं पोर्ट ॲक्सेस प्रकारचं असेल तर टॅग व्हीस्विच लावतं, गेस्टने पुन्हा टॅग लावायचा नाही. तसंच बाँडिंग. एकाच ओएसएच्या दोन गटांचं बाँड बांधू नका. तोच एमएसी एकाच कार्डावर दोनदा नोंदवता येत नाही, म्हणून दुसरा इंटरफेस एमएसी आधीच अस्तित्वात असल्याची तक्रार करतो. आणि चॅनल पाथ एकच असल्यामुळे कार्ड गेलं तर दोन्ही जातात.

लिंक, पोर्ट, आकार

गट ऑनलाइन, लेयर जुळलेला, तरी ‘नो-कॅरियर’ दिसतंय. आधी ‘पोर्टनो’ बघा. ओएसए-एक्सप्रेसच्या गिगाबिट कार्डांमध्ये एका चॅनल पाथवर दोन पोर्ट असतात, ० आणि १. १० गिगाबिटवर एकच. केबल पोर्ट १ मध्ये आणि पोर्टनो ० असेल तर डिव्हाइस आनंदाने ऑनलाइन येतं आणि लिंक कधीच येत नाही. व्हीस्विचच्या आरडेव्हमध्ये (त्याने वापरायच्या खऱ्या ओएसए डिव्हाइसच्या नोंदीत) हेच ‘०६००.पी०१’ असं लिहावं लागतं. पोर्ट बरोबर असेल तर मग केबल, समोरच्या स्विचचं पोर्ट, आणि सपोर्ट एलिमेंटवरून (मशीनमधल्याच व्यवस्थापन संगणकावरून) कोणी पोर्ट बंद तर केलं नाही ना, या क्रमाने.

लहान पिंग जातं, पण एसएसएच की-एक्सचेंजला लटकतं. हे एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं, लक्षण. ओएसएवर जंबो फ्रेमसाठी ८९९२ वापरतात, म्हणजे तुकडे न पाडता जाणारं पिंग:

पिंग -एम डू -एस ८९६४ १९२.०.२.१

८९९२ मधून आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट वजा. हे गेलं नाही आणि ‘-एस १४७२’ गेलं, तर मधला कुठला तरी स्विच १५०० वरच आहे. हायपरसॉकेट्सचा एमटीयू तुम्ही ठरवत नाही, आयक्यूडी (हायपरसॉकेट्सच्या) चॅनल पाथच्या फ्रेम आकारावरून तो ठरतो: १६ केबी फ्रेमला ८ केबी, २४ ला १६, ४० ला ३२ आणि ६४ ला ५६ केबी. मोठा हवा असेल तर आयओसीडीएस बदलावं लागतं.

पॅकेट्स येतात, पण भाराखाली गळतात, ‘आरएक्स ड्रॉप्ड’ वाढत जातं, तर ‘बफर_काउंट’ बघा. ८ ते १२८ असा आवाका आहे, ओएसएला न सांगता ६४ मिळतात. एक बफर ६४ केबीचा, म्हणजे १२८ बफरना एका इंटरफेसमागे ८ एमबी मेमरी जाते. लहान गेस्ट शेकड्यांनी असतील तर हा हिशेब आधी करा, एरवी सरळ १२८ ठेवा. हायपरसॉकेट्सवर गळती पाठवणाऱ्याकडे दिसते, पण कारण बहुधा घेणाऱ्याकडे असतं. तो बफर वेळेवर रिकामे करत नाही. त्यामुळे घेणाऱ्याचे बफर आणि त्याला मिळणारा सीपीयू बघा.

लेयर २ वर एलपारमध्ये थेट चालणाऱ्या लिनक्समध्ये एमएसी पत्ता इंटरफेस पुन्हा उभा राहिल्यावर बदलू शकतो. डीएचसीपीचं आरक्षण किंवा स्विचवरची पोर्ट सुरक्षा एमएसीवर बांधलेली असेल तर कनेक्शन प्रोफाइलमध्ये पत्ता स्वतः लिहून पक्का करा.

आरओसीई एक्सप्रेस कार्डांना यातलं बरंचसं लागू नाही. ती पीसीआय आहेत, मेलानॉक्सच्या ड्रायव्हरवर चालतात आणि ‘एलएसपीसीआय’मध्ये दिसतात. दिसत नसतील तर ‘/सिस/बस/पीसीआय/स्लॉट्स’ मध्ये फंक्शन आयडीच्या नावाची डिरेक्टरी शोधा आणि तिच्यातल्या ‘पॉवर’ फाइलमध्ये ० आहे का बघा. १ लिहिलं की फंक्शन चालू होतं.

नेटवर्कशिवाय आत शिरणं

नेटवर्कच नाही तर हे सगळं चालवायचं कुठून? एलपारवर एचएमसीचं ‘ऑपरेटिंग सिस्टम मेसेजेस’ किंवा इंटिग्रेटेड आस्की कन्सोल, झेड/व्हीएमवर ३२७० टर्मिनल. शक्य असेल तिथे आस्की कन्सोलच घ्या, कारण लाइन मोडमध्ये व्हीआय चालत नाही. फाइल ‘सेड’ आणि ‘इको’ने बदलावी लागते. चालू कमांड थांबवायला कंट्रोल-सी जात नाही, ^ हे चिन्ह आणि सी अशी दोन अक्षरं टाइप करून एंटर करायचं. ३२७० च्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘मोअर’ दिसत असेल तर कन्सोलचं आउटपुट अडलंय. स्क्रीन साफ करा, आणि ‘#सीपी टर्म मोअर ० ०’ देऊन पुढचं अडणं टाळा. तिथे ‘सीपी रीड’ दिसत असेल तर गेस्ट थांबलेला आहे, बिघडलेला नाही. ‘बी’ टाइप करून एंटर केलं की तो पुढे चालू लागतो.

शेवटी रिकव्हरीबद्दल. डिव्हाइसच्या सिसएफएस डिरेक्टरीत ‘रिकव्हर’ नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहिलं की क्यूएथ तो गट पुन्हा उभा करतो. पाठवण्याची वेळ संपली की ड्रायव्हर हे स्वतःहूनही करतो आणि डीमेसगमध्ये तशी ओळ येते. एखाद्या वेळी आली तर चालतं. दर काही मिनिटांनी येत असेल तर रिकव्हर पुन्हा पुन्हा मारत बसू नका. झेड/व्हीएम मेमरी किंवा सीपीयूसाठी धापा टाकतंय का, आणि त्याच चॅनल पाथवरच्या बाकीच्या एलपारनाही असंच होतंय का, हे बघा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर दोष गेस्टमध्ये नाही, कार्डाकडे किंवा त्याच्या मायक्रोकोडकडे बोट जातं. आणि रिकव्हर मारण्याआधी ‘/सिस/कर्नल/डीबग/एस३९०डीबीएफ/क्यूएथ_सेटअप’ मधला ट्रेस कॉपी करून घ्या. तो ठरावीक आकाराच्या बफरमध्ये फिरत राहतो, नव्या उभारणीच्या नोंदी जुन्या नोंदींवर बसतात आणि पहिलं अपयश त्यात उरत नाही. एवढं करायला वेळ नसेल तर ‘डीबीजीइन्फो.एसएच’ चालवा, ती स्क्रिप्ट ट्रेससकट सगळं एका फाइलमध्ये बांधते. सपोर्टकडे पाठवताना ती फाइल, एलएससीएसएसची ती एक ओळ, चॅनल पाथचा आयडी आणि त्याच पाथवरच्या दुसऱ्या एका चालू गेस्टचं एलएसक्यूएथ सोबत जोडा.